तपासणी खातं

उद्यमनगरात, गल्लीच्या पार टोकाला आमची फाउंड्री.
ओतलेला माल गार झाला की शमूमामा
एकेका नगाला हातोडीची टिचकी मारायचा
आणि मान वाकडी करून ऐकायचा.
'जाऊ दे. जाऊ दे. ह्याला तडा हाय.'
भिंग लावलं तरी आम्हाला दिसायचा नाही.
नग कापला की आत केसाएवढी रेघ.
वय झाल्यावरही मालकानं त्याला ठेवला
तो त्या कानासाठी.

अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला मी,
भाकरी, खर्डा, कधी सुकट.
हा माणूस गातो हे माहीत नव्हतं.

कळलं ते सलोमीमावशी गेल्यावर.
तिच्या ट्रंकेत, लग्नातल्या साडीखाली, एक तवा सापडला.
त्यावर छापलेलं :
सॅमी ओशन आणि पंचगंगा बॉईज.
थोरलीनं विचारलं, हा कोण?
शमुवेल समुद्रे म्हणाला, मेला तो.

मग चहाच्या सुट्टीत, नग मोजता मोजता,
थोडं थोडं सांगत गेला.
मिशनच्या कंपाउंडात डॉक्टरच्या पोराकडं ग्रामोफोन होता.
हा खिडकीखाली, जास्वंदीत उभा.
गिटार कुठली मिळायला?
मिरजेला गेला सतारवाल्यांच्या गल्लीत,
पाकिटावरचं चित्र दाखवलं.
म्हाताऱ्या कारागिरानं ते उलटंसुलटं बघितलं,
'ह्याचा भोपळा कुठाय?' म्हणाला,
आणि सव्वा महिन्यात एक करून दिली.
हाताच्या सवयीनं घोडीवर जवारीही काढली.
म्हणून सॅमीनं तार छेडली की
मधमाश्या उठायच्या.

इंग्रजी कळत नव्हतं.
ऐकू आलं तेवढं म्हणायचा,
उरलेल्या पोकळीत आपलं काहीबाही ओतायचा :
'बेबी, बेबी, गंगावेशीत ये की.'
गॅदरिंगला पोरं बाकांवर चढायची.
त्रेसष्ट साली निपाणीत, तंबूत, कुणीतरी जोडा फेकला.
यानं तो पायात घालून
पुढचं कडवं म्हटलं.

मुंबईला नेतो म्हणणारा एजंट तीनशे रुपये घेऊन गेला.
ढोलकवाला टेलिफोन खात्यात चिकटला.
पाळकसाहेबांनी बोलावून विचारलं,
आवाज देवानं कशासाठी दिलाय?
सलोमीनं काहीच विचारलं नाही. तिला सातवा होता.
सोमवारी तो फाउंड्रीत आला.
चार वर्षं, एक तवा, एक जोडा.

यंदा खंडेनवमीला
लेथला हार, क्रेनला हार, भट्टी गार.
मालकाच्या नातवानं स्पीकर आणले,
इचलकरंजीहून पोरांचा बँड आणला.
मामा आला. ऐंशीला दोन कमी.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलर उभी.
त्या कॉलरची मलाच लाज वाटली,
का कुणास ठाऊक.

पहिली ओळ फसली.
मोबाईल हसायला तयारच होते.
दुसरी त्यानं खालच्या पट्टीत घेतली
आणि मधमाश्या उठल्या.
पत्रा थरथरला.
कोअर विभागातल्या अक्काताई हासूरकर
घमेलं उपडं घालून त्यावर ठेका धरून बसल्या.
ड्रमवाला चुकला, त्या नाही.

मग मधेच कडवं विसरला.
उभा राहिला बराच वेळ
मान वाकडी करून,
माल ऐकतो तसा.
आम्ही सगळे गप्प, ओळीत मांडलेले नग.
माईकमध्ये म्हणाला,
'तडा हाय.'
आणि सुटला.

आता कागलहून, गडहिंग्लजहून बोलावणं येतं.
मानधन रोख घेतो, मोजून.
बॅनरवर ओशन नको, समुद्रेच लिहा म्हणतो.
सलोमीच्या कबरीला फरशी बसली परवा,
ती बसवायच्या आधी त्यानं टिचकी मारून बघितली.

गडहिंग्लजला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.
परत येताना गाडीत गप्प होता.
विचारलं तर म्हणाला,
कुणी जोडा न्हाई फेकला रे.